आईच्या मापाची मोटारसायकल

आईला गाडी लागत असे. बस, मोटार, रेल्वे, कशातही बसली की पहिल्या दोन-तीन मैलांतच तिचा चेहरा उतरे. मग ती डोळे मिटून घेई आणि हातातले लिंबू नाकाशी धरी. लिंबाचा उपयोग झाल्याचे आम्ही कधी पाहिले नाही. रेल्वेत कोळशाचे कण आत येतात म्हणून खिडकी लावावी लागे, आणि खिडकी लावली की तिचे संपलेच. फक्त जटक्यात, म्हणजे बंगळूरच्या टपाच्या टांग्यात, तिला काही होत नसे. तेही ती पुढे, गाडीवाल्याच्या शेजारी बसली तर. या शेवटच्या गोष्टीकडे घरात कोणी लक्ष दिले नाही. दिले असते तर त्या वर्षीचे दोन महिने वाचले असते.

साठचे दशक नुकतेच सुरू झाले होते. आम्ही हलसूरला राहत होतो. वडील मूळचे बेळगावकडचे, तारमास्तर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द मोजल्यामुळे त्यांचे स्वतःचे बोलणेही तारेसारखे झाले होते. थोरला भाऊ विमानांच्या कारखान्यात इंजिनियर होता. त्याला आम्ही इकडच्या रीतीने अण्णा म्हणत असू. मी एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. आमच्या दोघांमधली बहीण, अक्का, चिकमगळूरला दिली होती. मेहुणे जमीनमोजणीच्या खात्यात होते आणि महिन्यातले वीस दिवस कॉफीच्या डोंगरांत साखळ्या ओढत फिरत.

ज्येष्ठात अक्काचे पत्र आले. तिचे पहिले बाळंतपण श्रावणाच्या शेवटी होते. रीतीप्रमाणे ती माहेरी येणार होती, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ मनाई केली होती. सासूबाई हयात नव्हत्या. पत्राच्या शेवटी अक्काने लिहिले होते, ‘आईला येणे जमणार नाही हे मला माहीत आहे. काळजी करू नये.’

आईने पत्र दोनदा वाचले. चिकमगळूर दीडशे मैलांहून थोडे जास्त. बसने एक पूर्ण दिवस. म्हैसूरच्या एका प्रवासानंतर आई तीन दिवस अंथरुणात होती आणि म्हैसूर त्याच्या निम्मेच दूर.

“मी जाणार,” ती म्हणाली.

“आणि तिथे पोचून तूच झोपलीस तर? बाळंतिणीनं तुझी सेवा करायची का?” अण्णा म्हणाला.

याचे उत्तरही अण्णाकडेच होते आणि ते अंगणात, ताडपत्रीखाली उभे होते. मद्रासला बनलेली, साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची मोटारसायकल. अण्णाने ती वर्षापूर्वी जुनी घेतली होती. वडिलांचे तिच्याविषयीचे मत तीन शब्दांचे होते आणि ते दर रविवारी व्यक्त होई: “विकून टाक ती.”

“आईला मी मोटारसायकलवरून नेतो,” अण्णाने जाहीर केले. “पण आहे तशी नाही. दोन महिने आहेत. पाऊस लागणार नाही, धक्के बसणार नाहीत, अशी करून नेतो.”

वडिलांनी वर्तमानपत्र खाली घेतले. “आधी गाडी. आता आई,” ते म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्र वर केले.

काम आषाढाच्या आधीच सुरू झाले. अण्णाच्या कारखान्यातले दोन मित्र रविवारी सकाळी येत आणि तिघे अंगणात खडूने आकृत्या काढत. आई आकृत्यांभोवतून सडा घाले.

पहिले काम समोरच्या काचेचे होते. शिवाजीनगरच्या गुजरीत, म्हणजे भंगाराच्या बाजारात, अण्णाला पर्स्पेक्सचा एक मोठा तुकडा मिळाला. पर्स्पेक्स म्हणजे विमानाच्या खिडक्यांना लावतात ती न फुटणारी, प्लास्टिकसारखी काच. ती तापवून वाकवावी लागते आणि एवढा मोठा तुकडा मावेल अशी भट्टी घरात नव्हती. ती कोपऱ्यावरच्या बेकरीत होती. बेकरीवाले अय्यंगार गृहस्थ सोवळ्याओवळ्याचे, पण त्यांना यंत्रांचे कुतूहल होते. सकाळचा पाव निघाल्यावर, भट्टी उतरत असताना, त्यांनी परवानगी दिली.

अण्णाने लाकडाचा साचा आणि कारखान्यातून मागून आणलेला थर्मामीटर नेला होता. काच फळीवर ठेवून आत सरकवायला तो पुढे झाला तेव्हा बेकरीवाल्यांनी हात आडवा केला.

“स्वल्प थांबा सार. अजून गरम आहे.”

“थर्मामीटर बरोबर दाखवतोय.”

बेकरीवाल्यांनी चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर टाकला. तो बघता बघता काळा झाला. “तुमचा थर्मामीटर दारात उभा आहे. मैदा आत गेला होता,” ते म्हणाले.

पाव तास थांबून पुन्हा मैदा टाकला. तो बदामी झाल्यावर काच आत गेली आणि चादरीसारखी मऊ होऊन बाहेर आली. तिघांनी हातमोजे घालून ती साच्यावर अंथरली. थंड झाल्यावर तिला एकही बुडबुडा नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या पावाला किंचित गोडसर वास येत असल्याची तक्रार फक्त वडिलांनी केली. पण ती गाडीविषयीच्या तक्रारींतच धरली गेली.

ही काच अण्णाच्या डोक्याच्याही चार बोटे वर जात होती. तिच्या खाली, दोन्ही पायांपुढे, ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले. मग टपाची पाळी आली. आईला जटक्यात त्रास होत नाही, तेव्हा जटक्यासारखाच टप हवा, असे तिघांचे मत पडले. वाकवलेल्या नळ्यांवर कॅन्व्हास ताणून मागच्या बैठकीवर छप्पर झाले. त्याचा आकार मागे निमुळता ठेवला होता, म्हणजे वाऱ्याला अडथळा होणार नाही. दोन्ही बाजूंना गुंडाळून ठेवायचे पडदे होते. आत बसणाऱ्यासाठी मिलिटरीच्या जुन्या मालातला रबरी रेनकोट होता.

बैठकीसाठी अण्णा रेसकोर्सजवळच्या एका जीनगराकडे गेला. मीही बरोबर होतो. म्हातारा कारागीर, छावणीतल्या घोडदळाची खोगिरे शिवलेला. दुकानात लाकडी घोडा होता आणि त्याच्यावर अर्धे शिवलेले खोगीर. अण्णाने त्याच्यापुढे आकृती पसरली. पाय एका बाजूला सोडून बसायची, खुर्चीसारखी बैठक, उजवीकडे टेकायला पाठ, डावीकडे पाय ठेवायला रुंद फळी आणि पदर चाकात जाऊ नये म्हणून जाळी. बायका मोटारसायकलवर बसतात तशी.

म्हाताऱ्याने आकृतीकडे पाहिलेही नाही. “बैठनेवाली कौन?”

“माझी आई.”

“तो अम्मा कू लाओ. बैठनेवाले कू देखे बगैर मैं बैठक नै बनाता.”

“माप सगळं लिहिलंय यात.”

“साब, कागज कू पीठ नै रहती.”

अण्णाने बरीच समजूत घातली. शेवटी म्हाताऱ्याने खांदे उडवले. “बनाता हूं. मगर मेरा नाम नक्को बोलो किसी कू.” बैठक त्याने आकृतीबरहुकूम केली. आत काथ्या, वर घोड्याचे केस, त्यावर तपकिरी कातडे. टाके इतके सारखे होते की अण्णाच्या मित्राने ते पट्टी लावून मोजले.

मग रंग. गाडी मूळची काळी होती. बसगाड्यांवर नावे रंगवणाऱ्या पेंटरने ती सायीच्या रंगाची केली, टाकीवर मरून पट्टा ओढला आणि पट्ट्याच्या कडेने, श्वास रोखून, सोनेरी बारीक रेघ मारली. चाकांच्या कडा, दिव्याचे कडे आणि काचेची चौकट चकचकीत मुलामा देऊन आली. अंगणात ऊन पडले की शेजारचे लोक डोळ्यांवर हात धरून बघत.

“रंगानं उलटी थांबते?” वडिलांनी विचारले.

अण्णाने चाचण्यांची वही उघडली होती. कारखान्यात विमानाच्या पंखाची ताकद बघायला त्याच्यावर वाळूच्या पिशव्या रचतात. त्याच पद्धतीने त्याने आईच्या वजनाइतके तांदूळ दोन पोत्यांत भरले. मोठे पोते खाली, लहान वर. दोन्ही बैठकीला बांधली, त्यांना रबरी रेनकोट घातला आणि डोके ठरवलेल्या गाठीवर आईची कानटोपी चढवली. वही आणि पोती घेऊन तो पावसात देवनहळ्ळीला जाऊन आला. जाताना गल्लीतल्या जटकेवाल्याने त्याला थांबवले.

“काय अण्णा, टप बसवला, सवारी बसवली, आता घोडा कधी घेणार?”

“घोडे सतरा आहेत आत.”

“मग चारा फार लागत असेल. आणि सवारी काही बोलत नाही ती?”

“बोलणारी सवारी श्रावणात.”

देवनहळ्ळीची चाचणी यशस्वी झाली. वरचे पोते पूर्ण कोरडे होते. खालच्याचे फक्त दोन कोपरे ओले होते आणि त्या तांदळाचे आईने डोसे केले. वहीत नोंद झाली: पाऊस जोराचा, वेग पस्तीस, प्रवाशास त्रास नाही.

“तांदूळ सुखरूप?” वडिलांनी विचारले.

“एकदम.”

“त्यांना लिंबू दिलं होतं?”

आषाढ संपता संपता आई पहिल्यांदा गाडीवर बसली. होसकोट्यापर्यंत जाऊन यायचे ठरले. पाऊस नव्हता, पण चाचणी पुरती व्हावी म्हणून अण्णाने पडदे सोडले आणि रेनकोटही घालायला लावला. आई फळीवर पाय ठेवून, एका बाजूला तोंड करून, टपात बसली. बाहेरून फक्त तिची जोडवी दिसत होती. वडील फाटकापर्यंत आले. एरवी ते कोणाला निरोप द्यायला ओट्याखाली उतरत नसत.

पुढची हकिकत मला दोघांकडून वेगवेगळी कळली. जुळते तेवढीच लिहितो. महादेवपुऱ्याच्या रागीच्या शेतांपर्यंत आई बोलत होती. त्यानंतर ती बोलेनाशी झाली. होसकोट्याच्या तळ्याच्या अलीकडे तिने अण्णाच्या पाठीवर दोन गुद्दे मारले. गाडी थांबेपर्यंत उशीर झाला होता. बैठकीचे कातडे आणि पायाची फळी दोन्ही तळ्याच्या पाण्याने धुवावे लागले. शहाळेवाल्याने एक शहाळे आणून दिले. आई बांधावर अर्धा तास डोळे मिटून बसली.

“चिकमगळूरला पत्र टाक,” ती म्हणाली. “नाही येत म्हणावं.”

अण्णाने, त्याच्याच शब्दांत सांगायचे तर, आयुष्यातला सर्वांत मूर्ख प्रश्न तेव्हा विचारला. “परत बसनं जातेस का?”

आईने डोळे उघडले. गाडीकडे बराच वेळ पाहिले. “हे छप्पर काढ,” ती म्हणाली. “आणि हा रबराचा कोट. मेलेल्या रेड्यासारखा वास मारतोय.”

टप चार बोल्टांवर होता. तो निघाल्यावर कळले की पाठीचा टेकाही टपालाच जोडलेला होता. आता एका बाजूला तोंड करून बसले तर धरायला काहीच उरले नव्हते. अण्णा दोरी शोधू लागला. तोवर आईने नऊवारीचा कासोटा एकदा घट्ट केला, पदर कमरेला खोचला आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून सरळ बैठक मारली. शहाळेवाला म्हणाला, “अय्यो!”

आईचे वडील निपाणीच्या बाजूला देवीची लस टोचत फिरत. गावोगाव जायला त्यांच्याकडे तट्टू होते. बारा वर्षांची होईपर्यंत आई त्या तट्टावर बसून ओढ्यापर्यंत जात असे. हे तिने आम्हाला कधी सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. तिघा इंजिनियरांनी आईचे वजन, उंची आणि वाऱ्याचा दाब काढला होता. ती बसते कशी, हे विचारायचे राहिले होते. पोत्याला पाय नसतात, म्हणून वहीत तो प्रश्न आलाच नाही.

ते परत आले तेव्हा वडील आणि मी ओट्यावर होतो. गाडी वळणावर दिसली. काचेमागे अण्णा डावीकडे कललेला, आणि आई उजवीकडे, काचेच्या आडून मान बाहेर काढून, तोंडावर वारा घेत बसलेली. गुंडाळलेला टप तिच्या मांडीवर होता. ती उतरली आणि म्हणाली, “भात आहे का? भूक लागलीय.”

प्रवासानंतर आईला भूक लागल्याचे हे पहिले उदाहरण. वडील उठून स्वतः आत गेले आणि तिला पाट मांडून आले.

 रात्रीच्या जेवणात अण्णाने विचारले, “जटक्यात तर तुला काही होत नाही. मग टपात का झालं?”

“जटक्यात मी टपात बसते का? पुढे बसते. घोड्याची शेपूट तोंडावर येते तिथं,” आई म्हणाली. “मला वारा लागतो रे. रस्ता दिसायला लागतो. तू इतकं झाकलंस की मोटारसायकलची मोटारच केलीस.”

“पाऊस लागेल पण.”

“पावसानं उलटी होत नाही.”

वडिलांनी मान हलवली. आईच्या वाक्यात मोजून चारच शब्द होते.

श्रावणाला आठ दिवस राहिले होते. दुसऱ्याच दिवशी आई स्वतः जीनगराकडे गेली, अर्थात जटक्यात, पुढे बसून. म्हाताऱ्याने तिला पाहताच काम खाली ठेवले.

“घोडा चलाए क्या अम्मा कभी?”

“तट्टू. लहानपनी.” आईची हिंदी बेळगावची होती.

“चढो.” त्याने लाकडी घोड्याकडे बोट दाखवले. आई चढली. म्हाताऱ्याने तिच्याभोवती एक फेरी मारली, गुडघ्यापासून टाचेपर्यंत दोरी धरली, तिला पुढे झुकायला सांगितले, मागे रेलायला सांगितले. मग अण्णाकडे वळून म्हणाला, “देखे? दो मिनट का काम था.”

जुनीच बैठक उसवून त्याने ती पुढे निमुळती, मागे रुंद अशी केली, घोड्याचे केस हलवून कण्याखाली मऊ जागा ठेवली आणि पुढे कातड्याची एक कडी शिवली. घोडेस्वाराला धरायला असते तशी. या वेळी आतल्या बाजूला त्याने आपला शिक्का मारला. उजवीकडचा पायठेपा, जो अण्णाने हत्यारांची पेटी बसवायला काढून टाकला होता, तो परत बसला. तो धुराड्याच्या जवळ येत होता, म्हणून मध्ये पत्र्याची आड घातली. जाळी ठेवली. पडदे आणि टप माळ्यावर गेले.

राहिली काच. आईला तोंडावर वारा हवा होता आणि काच अण्णाच्या डोक्यावरून वारा उचलून थेट तिच्याही पलीकडे टाकत होती. ती कापणे भाग होते. अण्णाने दोन दिवस काढले. कधी पेंटर यायचा होता, कधी करवतीचे पाते बारीक नव्हते. त्या काचेत अख्खे अंगण दिसे, आणि बेकरीवाले रोज कोपऱ्यावरून तिला बघायला येत.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, “कापायची नसली तर तसं सांग. अक्काला पत्र टाकते.”

अण्णाने करवत घेतली. मी काचेवर पाण्याची धार धरली. आधी चार बोटे कापली. आईला बसवून हलसूर तळ्याला एक फेरी.

“अजून,” आई म्हणाली.

आणखी तीन बोटे. दुसरी फेरी.

“थोडी अजून.”

तिसऱ्या कापानंतर काच अण्णाच्या हनुवटीपर्यंत आली. वारा त्याच्या कपाळावरून जाऊन आईच्या गालांवर पडू लागला. पाऊस त्याच्या छातीवर येणार नव्हता, तोंडावर मात्र येणार होता. आई फेरी मारून उतरली आणि काही न बोलता स्वयंपाकाला लागली. यावरून माप ठरले. अण्णाने कडा कानशीने घासल्या आणि कापलेले तीन पट्टे बेकरीवाल्यांना देऊन टाकले. त्यांनी ते बिस्किटांच्या बरण्यांपुढे उभे केले. ग्राहकांच्या श्वासाने काचा धूसर होत नाहीत, असे ते पुढे सांगत.

रेनकोटाचा प्रश्न आईनेच सोडवला. तिच्याकडे माहेरची काळी घोंगडी होती. तिची खोळ करून डोक्यावर घेतली की धनगर दिवसभर पावसात उभे राहतात, असे ती म्हणाली. लोकरीच्या वासाचा तिला त्रास नव्हता. त्यात ती वाढली होती.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात निघायचे ठरले. डिंक, अळीव, खारका, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, अशी ट्रंक भरली. ती गाडीवर मावणारी नव्हती, म्हणून मी रजा काढून ट्रंकेसह बसने निघालो. बस सहाला सुटणार होती, गाडीही सहालाच. वडिलांनी आईच्या हातात लिंबू ठेवले. तिने ते अण्णाच्या खिशात घातले.

नेलमंगलाच्या पुढे त्यांनी आम्हाला गाठले. आधी भोंग्याचा आवाज आला, मग सायीच्या रंगाची टाकी, सोनेरी रेघ, आणि मागे पाय टाकून बसलेली नऊवारीतली बाई. अख्खी बस खिडक्यांकडे लोटली. माझ्या शेजारच्या सुपारीच्या व्यापाऱ्याने विचारले, “यारप्पा अदू? कोण ती?”

“आमची आई,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे, मग पुढे जाणाऱ्या गाडीकडे पाहिले. “आणि तू बसमध्ये?”

कुणिगलला ते दोघे कॉफी पीत उभे होते. चन्नरायपट्टणला आई उभ्या उभ्या अण्णाला कोणत्या तरी टेकडीकडे बोट करून विचारत होती. हासनच्या खाणावळीत मी पोचलो तेव्हा तिच्यापुढे इडलीची दुसरी प्लेट होती. बसमधून उतरलेल्या प्रवाशांपैकी दोघांना, आणि खरे तर मलाही, काही खाववत नव्हते.

“तुझा चेहरा उतरलाय,” आई म्हणाली. “अण्णा, ते लिंबू दे याला.”

हासन सोडल्यावर पाऊस सुरू झाला. तो चिकमगळूरपर्यंत थांबणार नव्हता हे आभाळावरून दिसत होते. बसच्या ताडपत्र्या खाली आल्या. मी एक कोपरा उचलून बाहेर बघत होतो. बेलूरच्या अलीकडे चार मैलांवर मला गाडी दिसली. ती रस्त्याच्या कडेला, एका वडाखाली उभी होती. अण्णा पलीकडे ओणवा झाला होता. आई दिसत नव्हती. मी कंडक्टरला हाक मारली, पण वळण आले आणि बस पुढे गेली.

दुपारी साडेतीनला मी ट्रंक घेऊन अक्काच्या दारात उभा राहिलो. ती दाराला धरून उभी होती. “आई?”

“मागून येतेय,” मी म्हणालो. पाहिलेले सांगितले नाही. बातमीची खात्री होईपर्यंत ती देऊ नये, हे धंद्यात शिकवतात. त्या दिवशी ते कामाला आले.

अक्काने दाराजवळ पाट ओढून घेतला आणि ती पोटावर हात ठेवून रस्त्याकडे तोंड करून बसली. चार वाजले. पाऊस कौलांवरून धारेने पडत होता. साडेचारला तिने विचारले, “तिला त्रास झालाय ना? परत नेली असेल अण्णानं.” मी नाही म्हणालो, पण दुसऱ्यांदा म्हणताना आवाज तितका ठाम राहिला नाही.

पाचला दहा कमी असताना गाडीचा भोंगा वाजला.

आई उतरली. घोंगडीतून पाणी निथळत होते. तिने ती झटकून कठड्यावर टाकली. आतले लुगडे गुडघ्यापर्यंत कोरडे होते. तोंड ओले होते आणि लाल झाले होते. अण्णाचे दात वाजत होते. भोंग्याखाली काचेच्या चौकटीला केवड्याचे एक कणीस बांधलेले होते.

“कुठे होता तुम्ही?” मी विचारले. “वडाखाली काय झालं होतं?”

“केवडा दिसला ओढ्याच्या कडेला. मी खाली उतरले. हा काट्याला भीत होता,” आई म्हणाली.

“आणि नंतर इतका वेळ?”

अण्णाने माझ्याकडे पाहिले. “बेलूरचं देऊळ बघितलं. सगळं. बाहेरून एक चक्कर, आतून एक चक्कर. पावसात.”

“दोनदा गेले या राज्यात इकडून तिकडे, दोन्हीदा डोळे मिटून,” आई म्हणाली. “आता उघडे होते, तर बघू नको?” मग ती अक्काकडे वळली. तिला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिले. “पाटावर बसतात का अशा दिवसांत? ऊठ. अळीव भिजत घालायचेत.”

अक्का हसत होती आणि रडतही होती. आईने पाय धुतले आणि ती स्वयंपाकघर शोधत आत गेली.

दहाव्या दिवशी पहाटे मुलगी झाली. सव्वासात पौंड. आई पहिल्या कळेपासून शेवटपर्यंत अक्काच्या उशाशी होती. मेहुणे डोंगरातून दुसऱ्या दिवशी पोचले. मी आठ वाजता तारऑफिसात जाऊन वडिलांना तार केली. मुलगी. दोघी खुशाल. आई ठणठणीत.

वडिलांचे उत्तर दुपारी आले. अक्काने ते वाचले, अण्णाला दिले. अण्णाने ते दोनदा वाचले आणि तो बाहेर जाऊन, पाऊस चालू असताना, गाडीची टाकी पुसत उभा राहिला.

तारेत लिहिले होते: नातीला आशीर्वाद. गाडी विकू नको.